कोऱ्या कागदाचा वास

बोदवडहून मुक्ताईनगरच्या बाजूला गेलं, की तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ लागतं. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याची गोष्ट या भागात पोराटोरांनाही ठाऊक असते. ज्ञानदेव वयानं लहान, अधिकारानं मोठे. पत्राला मायना काय घालावा ते चांगदेवाला सुचेना, म्हणून त्यानं कोराच कागद धाडला. एवढं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताईनं तो पाहून म्हटल्याचं सांगतात.

तोच कागद घरच्या कुत्र्यापुढे पडला असता तर? त्याला तो कोरा वाटलाच नसता. पाठवणाऱ्याच्या बोटांचा घाम, आणणाऱ्याच्या कमरेची ऊब, वाटेवरची धूळ, सगळं त्यावर होतंच. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींपर्यंत जातात. शिवाय त्याचा उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही.

मुंबईत 1993च्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या ‘जंजीर’ या कुत्र्यानं 3,329 किलो आरडीएक्स हुडकलं, ते याच नाकाच्या बळावर. पोलिसी कुत्र्यांची ही विद्या 2006च्या सुमारास अमेरिकेतल्या काही प्रशिक्षकांनी घरच्या कुत्र्यांसाठी खेळ म्हणून मांडली. तिथे शोधायच्या वासांत लवंगही आहे, आणि लवंग तर आपल्या मसाल्याच्या डब्यातच असते. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत ती ठेवायची, कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायची नाही. आधी डबीजवळ भाकरीचा तुकडा ठेवायचा. मग चार डब्या मांडायच्या, लवंग एकीतच. तिच्यापाशी नाक थबकलं की त्याच क्षणी तुकडा द्यायचा, उशिरा दिलेल्या तुकड्याचा अर्थ त्याला लागत नाही. पुढे डबी बाजेखाली, ओट्याच्या कोपऱ्यात, सायकलच्या चाकामागे. बोदवडच्या उन्हाळ्यात हे सकाळीच उरकावं. कुत्रं तोंडानं धापा टाकू लागलं, की हुंगणं मागे पडतं.

खेळ एवढाच. पण तो मांडला की एक जुना प्रश्न उकरला जातो: नाकानं कळतं त्याला ज्ञान म्हणायचं का? आपल्याकडे तत्त्वज्ञानालाच ‘दर्शन’ म्हणतात. मान सगळा डोळ्याला. नाकाच्या वाट्याला आला तो कमळात अडकून मरणारा भुंगा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना वेद मानतात. पण भागवतातल्या अवधूतानं, म्हणजे परंपरेनुसार दत्तानंच, मोजलेल्या 24 गुरूंत मासा आहे, पतंग आहे, अजगर आहे, कुत्रा नाही! ज्याला वेद म्हणून पायाशी बसवलं, त्याच्याकडून शिकण्याजोगं काहीच सापडलं नाही, हे जरा चमत्कारिकच.

बौद्ध विज्ञानवाद्यांनी मात्र ‘वासना’ हा शब्द गंधाच्या अंगानं उलगडला. फुलांत ठेवलेल्या तिळांना फुलं काढल्यावरही वास राहतो, तसा केलेल्या कर्माचा ठसा चित्तात उरतो. माणूस निघून जातो आणि मागे काहीतरी राहतं. कुत्रं वाचतं ते हेच. बेलफास्टच्या दोन संशोधकांनी 2005मध्ये दाखवलं, की चालून गेलेला माणूस कोणत्या दिशेला गेला हे ओळखायला माग काढणाऱ्या कुत्र्यांना सलग पाच पावलं पुरतात. आपल्या दृष्टीनं होऊन गेलेली गोष्ट त्याच्यासाठी अजून चालूच असते.

कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी 65 ओव्यांचं उत्तर धाडलं. पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं हे तीन वेगळे नाहीत, हे त्यांनी आरशाच्या दाखल्यानं सांगितलं. कुत्र्याला आरसा दाखवला तर ते स्वतःला ओळखत नाही, म्हणून त्याला ‘मी’ नाही असं पुष्कळ वर्षं धरून चाललं होतं. ॲलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2017मध्ये आरसाच बदलला. स्वतःच्या लघवीच्या वासात काही मिसळलेलं असलं, की कुत्री तो जास्त वेळ हुंगत राहिली. त्यांना ‘मी’ आहे हे यातून सिद्ध होत नाही, पण ते शोधायचा आरसा काचेचाच असला पाहिजे, हा हट्ट तरी सुटतो.

ही नाकाची बाजू घेताना एक घोटाळा मात्र लपवता येत नाही. कॅलिफोर्नियात 2011च्या एका प्रयोगात शोधायचा वास कुठेच ठेवला नव्हता. प्रशिक्षकांना मात्र तो आहे असं सांगितलं होतं. बहुतेक कुत्र्यांनी ‘सापडलं’ म्हणून इशारे केले. ती काय वाचत होती? बहुधा मालकाचं मन.

म्हणून या खेळाची खरी पायरी शेवटी येते. डबी घरातल्या दुसऱ्यानं लपवायची आणि मालकानं ओट्यावर पाठ करून उभं राहायचं. मग तो वळतो तेव्हा चारही डब्या त्याच्यापुढे सारख्याच, अगदी कोऱ्या असतात, आणि त्याला कुत्र्याच्या नाकाकडे बघत थांबावं लागतं.