जोड कोणाची? संयोग, समवाय आणि उसाची ट्रॉली

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची जोड ट्रॅक्टरची असते की ट्रॉलीची? प्रश्न रिकामटेकडा वाटतो, पण भारतीय दर्शनांत दोन वस्तूंच्या संबंधावर शतकानुशतके वाद झाले आहेत. बीड जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की या वादाची उदाहरणे रस्त्यावरूनच चालू लागतात. एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांना धरून ठेवते ती लोखंडी पिन.

वैशेषिक दर्शनाच्या मते संयोग, म्हणजे दोन वस्तूंची जोड, हा गुण आहे, मात्र रंगासारखा एकाच वस्तूत राहणारा नव्हे. तो एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो, म्हणून जोड कोणा एकाची असूच शकत नाही. वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाने संयोगाचे तीन प्रकार केले: एकाच्या हालचालीने होणारा, दोघांच्या हालचालीने होणारा आणि संयोगातूनच जन्मणारा. ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन उभ्या ट्रॉलीच्या दांडीशी आणला, हा पहिला प्रकार. मागच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टरशी संबंध तिसऱ्या प्रकारचा वाटेल, पण तसे म्हणता येत नाही. शास्त्रातले उदाहरण हात आणि पुस्तकाचे आहे. हात पुस्तकाला लागला की शरीरही लागते, कारण हात शरीराचा अवयव आहे. पुढची ट्रॉली ट्रॅक्टरचा अवयव नाही. धारूरचा घाट उतरताना मागच्या ट्रॉलीचा रेटा थेट ट्रॅक्टरपर्यंत येतो, म्हणून चालकाला तिन्ही मिळून एकच गाडी वाटते. वैशेषिकाला तीन द्रव्ये आणि दोन संयोग दिसतात. ब्रेकचा विचार करताना वैशेषिकाचे मोजमाप जास्त उपयोगी पडते.

संयोग वस्तूला सर्वांगाने व्यापत नाही, हा या दर्शनाचा आणखी एक बारकावा. माकड फांदीवर बसले तर झाडाचा त्याच्याशी संयोग फांदीपाशी असतो, मुळाशी नसतो. जोड निवडण्याचे सगळे शास्त्र या एका मुद्द्यावर उभे आहे. दोनचाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही भाग दांडीवाटे ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर येतो. त्याने मागच्या चाकांची पकड वाढते, पण भार बेताबाहेर गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. चारचाकी ट्रॉली आपले ओझे आपल्याच चाकांवर पेलते. तिची दांडी फक्त ओढली जाते, त्यामुळे ट्रॅक्टरला पकडीची मदत मिळत नाही. जोड मागच्या अ‍ॅक्सलपेक्षा उंच घेतली, तर जोराच्या ओढीने ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो. म्हणूनच ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडायची असते, नांगराच्या वरच्या लिंकला कधीच नाही. मोठ्या ट्रेलरच्या ‘फिफ्थ व्हील’ जोडीत ट्रेलरची किंगपिन ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या अ‍ॅक्सलवर किंवा किंचित पुढे बसते. भार दोन्ही अ‍ॅक्सलांवर वाटला जातो आणि ट्रेलर मागे कमी डुलतो. ओझे किती, यापेक्षा ते कुठे टेकते हे आधी पाहावे लागते.

समवाय हा वेगळाच संबंध. अवयव आणि अवयवी, गुण आणि द्रव्य यांच्यात तो असतो आणि ही जोडपी एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी यावर बोट ठेवले: समवाय दोघांहून वेगळा असेल, तर त्याला त्यांच्याशी जोडायला दुसरा समवाय लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. वैशेषिकांचे उत्तर असे की समवाय स्वतःच जोडलेला असतो. ट्रॉलीची पिन निसटू नये म्हणून खालून कॉटर घालतात. कॉटरला मात्र तिसरे काही लागत नाही, तिचेच दोन पाय वाकवले की झाले. अंबाजोगाईत ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’त हाच शांकर वेदान्त मराठीत आणला. त्या दृष्टीने हे सारे भेद व्यवहारापुरतेच आहेत. अर्थात व्यवहारात वेदान्त्यालाही कॉटर घालावीच लागते.

संयोग विभागाने संपतो, समवाय तसा संपत नाही. या फरकाचा घोळ लोखंडापेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त होतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल देतो ती या जोडीला, आणि एक आजारी पडला तर खाडा जोडीच्या नावावर पडतो. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणजे दोन सुटी द्रव्ये आणि करार, या सगळ्याला समवायासारखे वागवले जाते. वैशेषिक इथे साफ नकार देईल: नवरा आणि बायको यांच्यात अवयव-अवयवी संबंध नाही, कामगार आणि मुकादम यांच्यात तर नाहीच. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवण्याची पद्धत रद्द केली. हिशेबाच्या वहीत मात्र कोयता अजून एकच आकडा आहे.