पाळी संपल्याची खूण

नोकरी मिळावी म्हणून देवाला सांगणे करणारे आपल्या समाजात घरोघर आहेत. ती टिकावी म्हणून नवस बोलणारेही थोडे नाहीत. परंतु नोकरी केव्हा सोडावी, या प्रश्नाचा विचार करण्याची सवय आपणांस नाही. तो प्रश्न उभा राहतो तेव्हा मनुष्य बहुधा एकटाच असतो. घरच्यांना सांगावे तर ती घाबरतात, मित्रांना विचारावे तर ते आपापल्या स्वभावाप्रमाणे सांगतात. मग कोणी देवळात जाऊन प्रसाद लावतो. पाकळी उजवी पडली तर राहावे, डावी पडली तर सोडावी, असे ठरवितो. यात श्रद्धेचा उपहास करण्याजोगे काही नाही. अडचण एवढीच की, कौल मागणाऱ्याला आपण देवापुढे कोणता प्रश्न ठेवीत आहोत, हेच पुष्कळदा उमगलेले नसते. “मी थकलो आहे” असे त्याला म्हणावयाचे असते, की “हे काम यापुढे माझ्या हातून होणे उचित नाही” असे म्हणावयाचे असते? हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि त्यांची उत्तरेही निराळीच यावयास हवीत.

गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आरंभ नेमका याच संशयाने होतो. संन्यास कशाला म्हणावे आणि त्याग कशाला, हे अर्जुन विचारतो. भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहाने नेमलेले काम टाकून देणे हा तामस त्याग. काम कष्टाचे आहे, शरीराला क्लेश होतील, या भयाने ते टाकणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य म्हणून काम करीत राहून आसक्ती व फळाची आशा सोडणे हा सात्त्विक त्याग. येथे चाणाक्ष वाचक थबकेल. सात्त्विक त्यागात काम सुटतच नाही! मग नोकरी सोडणे हे नेहमीच रजोगुणाचे किंवा तमोगुणाचे लक्षण मानावयाचे काय?

तसे मानण्याचे कारण नाही. भगवंत बोलतात ते नेमलेल्या कर्माविषयी. नोकरी हे ते कर्म नव्हे, ते कर्म करण्याचे पात्र होय. शिकविणे हे शिक्षकाचे कर्म, शाळा हे पात्र. न्याय करणे हे कर्म, कचेरीतील खुर्ची हे पात्र. पात्रात कर्म राहत असेल तोवर ते सांभाळावे, जुने झाले, काठ झिजला, म्हणून टाकू नये. परंतु ज्या पात्रात ते कर्म राहणेच अशक्य झाले, ते हाती धरून बसणे म्हणजे निष्ठा नव्हे. हा भेद प्रत्यक्षात कसा ओळखावा, हे कळण्यासाठी दोन मराठीभाषक पुरुषांची चरित्रे उपयोगी पडतील. दोघांच्याही आयुष्याचा शेवट हैदराबादेत झाला, हा योगायोग खरा; परंतु दोघांनी जे सोडले आणि ज्या रीतीने सोडले, त्यात योगायोग नव्हता.

पहिले स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवान खेडगीकर, जन्म १९०३ चा. तरुणपणी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी कामगार चळवळीचे काम केले. पुढे निजामाच्या राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात ते शिक्षक झाले. मध्यंतरी त्यांनी संन्यास घेतला. परंतु भगवी वस्त्रे धारण केल्यावरही ते शिकवीतच राहिले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. ज्याने घर सोडले त्याने वर्ग सोडला नाही. संन्यासाला त्या कामाची अडचण वाटली नाही, कारण ते काम संन्यासाशी विसंगत नव्हते. पगारावर लोभ नव्हता, म्हणून पगाराची जागा टाकण्याची घाईही नव्हती.

ती जागा त्यांनी सोडली १९३८ साली. हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घातली गेली होती. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच महिन्यात स्वामीजी तुरुंगात गेले. शाळेत राहून मुलांना स्वाभिमान शिकवावयाचा आणि बाहेर स्वाभिमानाला मज्जाव असताना गप्प बसावयाचे, हे दोन्ही एकत्र चालण्यासारखे नव्हते. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हाही ते तुरुंगातच होते. म्हणजे नोकरी सोडून ते सुखाकडे गेले नाहीत. अधिक कठीण कामाकडे गेले. राजस त्याग आणि हा त्याग यांतील अंतर येथे स्पष्ट होते. क्लेशांच्या भीतीने सोडणारा मनुष्य क्लेश कमी होतील अशा दिशेने जातो. हा मनुष्य उलट दिशेने गेला.

दुसरे चिंतामणराव देशमुख. कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्म, मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक, संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आय. सी. एस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९) आणि १९५० पासून भारताचे अर्थमंत्री. राज्यपुनर्रचनेच्या वेळी मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय १६ जानेवारी १९५६ रोजी जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. कुलाब्याचे प्रतिनिधी असलेल्या देशमुखांना हा निर्णय मान्य नव्हता आणि तो ज्या पद्धतीने घेतला गेला तीही मान्य नव्हती. पद सोडण्याचा आपला विचार त्यांनी पंतप्रधानांना तेव्हाच कळविला होता; परंतु प्रत्यक्ष पदत्याग झाला तो त्याच वर्षीच्या जुलैत.

या सहा महिन्यांवर पुष्कळांनी बोट ठेवले. राग आला होता तर लगेच का सोडले नाही, असे विचारणारे होते. परंतु त्या महिन्यांत त्यांच्या हाती काय होते ते पाहावे. निर्णय जाहीर झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, आयुर्विमा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याची घोषणा त्यांनीच केली. त्यानंतर अर्थसंकल्पाचे दिवस आले. अशा वेळी उठून जाणे म्हणजे स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर अर्धवट काम टाकणे झाले असते. सोडण्याचा निश्चय आणि सोडण्याचा मुहूर्त या दोन गोष्टी आहेत. निश्चय अंतःकरणाचा, मुहूर्त कामाचा. मात्र यात एक धोकाही आहे. काम कधीच संपत नसते, आणि “एवढे पुरे करतो मग जातो” असे म्हणत वर्षे निघून जातात. देशमुखांनी मुहूर्त लांबविला, परंतु विसरला नाही. जुलैत लोकसभेत त्यांनी आपली कारणे उघडपणे मांडली. हा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता घेतला गेला, असा आक्षेप त्यांनी घेतला. गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी केली. पंतप्रधानांनी त्यांचे म्हणणे अमान्य केले. देशमुख बाहेर पडले.

त्याने साधले काय? हिशेबी मनुष्य हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. ऑगस्टात लोकसभेने मोठे द्विभाषिक मुंबई राज्य करण्याचे ठरविले. मुंबई केंद्राकडे गेली नाही, पण महाराष्ट्रही झाला नाही. त्यासाठी १ मे १९६० उजाडावा लागला. त्या यशात देशमुखांच्या पदत्यागाचा वाटा किती, हे मोजण्याचे माप कोणाकडेही नाही. परंतु पदत्यागाचे मोल केवळ परिणामावरून ठरवावयाचे असेल तर फळाची आशा सोडण्याची शिकवण व्यर्थ म्हणावी लागेल. “मी आत राहून विरोध केला असता तर अधिक साधले असते” हा युक्तिवाद खोटा नाही. कित्येकदा तो खराही असतो. तो खरा आहे किंवा नाही, याची परीक्षा अशी करावी: आत राहणारा मनुष्य आत खरोखर बोलतो काय? बोलत असेल तर त्याने राहावे. ज्याचे तोंड मिटले आहे आणि ज्याची सही मात्र चालू आहे, त्याला आत राहण्याचे हे समर्थन वापरण्याचा अधिकार उरत नाही.

आता कोणी म्हणेल, हे थोरांचे झाले. अर्थमंत्र्याला दुसरे पद मिळते. देशमुखांनाही पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे आणि दिल्ली विद्यापीठाचे काम मिळाले. संन्याशाला तर पोरेबाळेच नसतात. ज्याच्या पगारावर आईचे औषध आणि मुलीची फी अवलंबून आहे त्याने काय करावे? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. हैदराबाद हे नोकरदारांचे शहर. निजामाच्या काळी उर्दू शिकून मराठी माणसे तेथील कचेऱ्यांत शिरली; १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा सरकारी नोकरांचीही वाटणी झाली आणि किती तरी कुटुंबांना बिऱ्हाडे हलवावी लागली. आज माधापूरच्या बाजूस १९९८ साली उभ्या राहिलेल्या सायबर टॉवर्सच्या आसपास संगणकाच्या नोकऱ्या करणारी मराठी आणि कोंकणी मुले आहेत. त्यांच्या मागे घराचे कर्ज आहे. अशा मनुष्याने मनाविरुद्धच्या नोकरीत टिकून राहणे हा भित्रेपणा नव्हे. कुटुंबाचे भरण हेही नेमलेले कर्मच आहे, आणि त्यासाठी कंटाळा, अपमान, वरिष्ठाचा तिरसटपणा सोसणे हेही एक तप आहे.

परंतु सोसण्याचीही एक हद्द आहे, आणि ती गरिबालाही ओळखता येते. आपणांस सोसावे लागणे निराळे आणि आपल्या हातून दुसऱ्याला सोसावे लागणे निराळे. पहिल्यासाठी थांबता येते. दुसऱ्यासाठी थांबता येत नाही. खोट्या हिशेबावर सही करावयास सांगितली, आजारी माणसाला फसविणारा कागद लिहावयास सांगितला, तर तेथे प्रश्न थकव्याचा राहत नाही. अशा वेळी एकदम राजीनामा फेकणे प्रत्येकाला जमणार नाही. सही नाकारता येते, बदली मागता येते, दुसरी जागा शोधण्यास आरंभ करता येतो, खर्च आवळून सहा महिन्यांची बेगमी करता येते. हेही सोडणेच होय, फक्त पायरीपायरीने. आपण दिवसभर काय केले ते रात्री घरच्या माणसांना सांगण्याचे मनुष्य टाळू लागला, म्हणजे ही हद्द ओलांडली जात आहे असे समजावे. थकलेला मनुष्य घरी येऊन तक्रार करतो. ज्याचे मन खात असते तो गप्प राहतो.

आणखी एक प्रकार राहिला, आणि देवस्थानांशी संबंध असलेल्या आपल्या वाचकांना तो अपरिचित नसेल. काम चांगले आहे, अंतःकरणाला बोचत नाही, पण आपली वेळ सरली आहे. जुन्या आश्रमव्यवस्थेत केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की निघावे अशी खूण सांगितली होती. सरकारी नोकरीत वयाची मर्यादा असते. परंतु संस्था, मंडळे, समित्या आणि स्वतः उभारलेले धंदे यांत अशी घंटा वाजत नाही, आणि खुर्ची माणसाला केव्हा चिकटली हे त्याला कळत नाही. “माझ्यामागे कोण सांभाळणार?” असे तो काळजीने विचारतो. वीस वर्षांत एकही माणूस तयार झाला नसेल, तर तो दोष पुढच्या पिढीचा किती आणि आपला किती, हे त्याने आधी पाहावे. ज्या रामानंद तीर्थांनी हैदराबादचा लढा चालविला, त्यांनी संस्थान मुक्त झाल्यावर त्याच्या भाषावार विभागणीचा पुरस्कार केला. ज्या राज्याचे ते मोठे पुढारी होते, ते राज्यच मिटावे असे म्हणावयास त्यांची जीभ अडखळली नाही. दोनदा लोकसभेवर निवडून आल्यावर तेही सोडून ते विधायक कार्याकडे वळले. १९७२ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी हैदराबादेत बेगमपेठेला आहे. देशमुखांचे निधनही १९८२ साली त्याच शहरी झाले.

आपल्याकडील कित्येक देवळांत पूजेची पाळी असते. पाळी चालू असेपर्यंत पुजाऱ्याने अंगात कणकण असली तरी पहाटे उठावे लागते. कंटाळा आला म्हणून देव उपाशी ठेवता येत नाही. पाळी संपली की समया, ताम्हने, निरांजने मोजून, घासूनपुसून पुढच्याच्या हाती द्यावयाची असतात. एकही भांडे आपल्या घरी राहता कामा नये आणि एकही उणे भरता कामा नये. पूजा त्याची, देव त्याचा नव्हे. नोकरीकडे या दृष्टीने पाहिले तर केव्हा सोडावी हा प्रश्न पुष्कळसा सोपा होतो. पाळीच्या मध्येच कष्टाला भिऊन उठू नये, भांडी चोरावयास सांगितली तर एक दिवसही थांबू नये, आणि पाळी संपल्यावर गाभाऱ्याच्या दारात आडवे उभे राहू नये.