वहीबाहेरचे ऋण

मराठीत ‘पत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दुकानदाराकडे ज्याला उधार मिळते त्याची पत असते, आणि चारचौघांत ज्याच्या शब्दाला मान असतो त्याचीही पतच असते. पैशाची पत व माणसाची पत यांना आपल्या पूर्वजांनी निरनिराळे शब्द योजले नाहीत. दोहोंचे मूळ एकच आहे अशी त्यांची समजूत असावी. आज मात्र या दोन पती एकमेकींपासून दूर गेल्या आहेत, आणि त्यांतील पहिली सुधारण्याच्या खटपटीत दुसरीचे काय होते, असा प्रश्न एका स्नेह्यांच्या निमित्ताने माझ्यापुढे आला.

हे स्नेही भिलाईचे. दुर्गजवळच्या त्या पोलादनगरीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत; १९५६ पर्यंत तो मुलूख नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होता. भिलाई नगरीचा जन्मच मुळी कर्जातून झाला. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन कारखान्यासाठी कर्ज मिळाले; अडीच टक्के व्याज आणि बारा वर्षांत फेड, अशी अट होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. फेडीच्या रकमेतून रशियाने आपल्या देशाचा माल घ्यावयाचा, अशी व्यवस्था होती. म्हणजे घेतलेल्या कर्जातून भट्टी उभी राहिली आणि फेड झाली ती श्रमाने उत्पन्न केलेल्या वस्तूंच्या रूपाने. कर्ज हे स्वतः पाप नव्हे, हे सांगण्यासाठी याहून दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आमच्या स्नेह्यांचे कर्ज मात्र भट्टी उभारण्यासाठी नव्हते. कारखान्यात नोकरी, सेक्टरमध्ये क्वार्टर, पगार वेळच्या वेळी. अशा माणसाला कर्ज देण्यास सर्वच तयार असतात. २०१६ साली मुलीच्या विवाहासाठी त्यांनी बँकेकडून कर्ज घेतले. ते पुरले नाही म्हणून क्रेडिट कार्ड वापरले. कार्डाचे देणे फेडण्यासाठी दुसरे कार्ड घेतले. त्यातच एका सहकाऱ्याच्या कर्जाला ते जामीन राहिले. सहकारी हप्ते बुडवून गाव सोडून गेला. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असे १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो. पण जामिनाच्या कागदावर सही करताना ‘नुसती सहीच तर करावयाची आहे’ असे ज्याला वाटले नाही असा गृहस्थ विरळा. २०१८ पर्यंत तीन खात्यांचे हप्ते थकले. बँकेच्या माणसांचे फोन येऊ लागले की ते व्हरांड्यात जाऊन बोलत. ही गोष्ट त्यांनी वर्षभर पत्नीपासून लपवून ठेवली, आणि माझ्या मते त्या सर्व प्रकरणातील खरा दोष कोणता असेल तर तो हाच. कर्ज परिस्थितीने होते. लपवाछपवी आपण करतो.

एका खात्यावर तीन लाख चाळीस हजार रुपये येणे होते. २०१९ साली बँकेने दोन लाख घेऊन ते मिटविले व उरलेले सोडून दिले. गृहस्थांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे २०२३ मध्ये मुलाने घरासाठी कर्जाचा अर्ज केला आणि वडिलांनी सहअर्जदार म्हणून सही केली. अर्ज नाकारला गेला. वडिलांच्या नावापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता.

येथे हा शेरा कोठून येतो ते सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळांना त्याची वार्ता अर्ज फेटाळला जाईपर्यंत नसते. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली. २००५ साली अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येक बँक आपापल्या कर्जदाराची हकीकत त्यांना कळविते, आणि हप्ता वेळेवर आला की नाही, कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, किती ठिकाणी नव्याने अर्ज केला, यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक अंक निघतो. खाते पूर्ण फेडले तर ‘क्लोज्ड’ असे लिहिले जाते. तडजोडीने मिटले तर ‘सेटल्ड’. गृहस्थाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात, परंतु कर्ज देणाऱ्याला पहिल्यात वचनपूर्ती दिसते आणि दुसऱ्यात वचनभंग. ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी असा दंडक आहे.

स्नेही माझ्याकडे आले ते हा प्रश्न घेऊन : सोडून दिलेले एक लाख चाळीस हजार आता भरावे काय? कायद्याने ते बांधील नव्हते. बँकेने मागितलेही नव्हते. भरले तर शेरा बदलेल आणि मुलाचा मार्ग मोकळा होईल, असे त्यांना कोणी सांगितले होते. त्यांचे म्हणणे असे की, “हे मी धर्म म्हणून भरणार की मुलाच्या कर्जासाठी? दुसरे असेल तर त्यात पुण्य कसले? तो सौदाच झाला.”

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर घाईने देता येईना. प्रथम ही माफी कोणत्या प्रकारची होती ते पाहू. बँकेने दया केली नाही, हिशेब केला. पुढे काहीच न मिळण्यापेक्षा आज दोन लाख बरे, असा तो हिशेब होता. धनकोने नाइलाजाने सोडलेली रक्कम ऋणकोच्या शिरावरून उतरते काय? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे विवेचन करताना, मिळालेले परत न करता उपभोगणाऱ्याला भगवंतांनी चोराच्या पंक्तीला बसविले आहे. तेथे कोणी मागितले की नाही, हा मुद्दाच उपस्थित होत नाही. घेतले आणि भोगले, एवढे पुरेसे आहे. मुलीच्या विवाहातील पंक्ती त्या पैशावर उठल्या होत्या.

तथापि आपल्या शास्त्रकारांनी सर्व भार ऋणकोवरच टाकला असे मात्र नाही. जुन्या हिंदू विधिशास्त्रातील दामदुपटीचा नियम प्रसिद्ध आहे : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. मुद्दल पवित्र, पण व्याजाला मर्यादा, हा त्यातील विवेक. म्हणून मी त्यांना सुचविले की, उरलेल्या रकमेत मुद्दल किती, व्याज किती आणि दंड किती, हे आधी बँकेकडून लेखी मागून घ्यावे. ज्याने हिशेब पाहिला नाही त्याचा पश्चात्तापही अंदाजानेच असतो.

मग मी त्यांना चित्तरंजन दासांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील भुवनमोहन उदार स्वभावामुळे कर्जात बुडाले आणि १९०६ साली पितापुत्र दोघांनाही नादारी पत्करावी लागली. पुढे अलीपूरच्या खटल्यात अरविंद घोषांचा बचाव करून चित्तरंजनांची वकिली कीर्तीला पोहोचली. १९१३ साली त्यांनी ते सारे जुने देणे फेडून टाकले. कायदा त्यांना ते मागत नव्हता. नादारीने ते मोकळे झाले होते. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाचेही असेच आहे. १८९४ साली दिवाळे निघाल्यावर त्याने जगभर व्याख्याने दिली, त्या फेरीत तो १८९६ च्या आरंभी मुंबईलाही येऊन गेला, आणि बंधन नसलेली कर्जे त्याने पूर्ण फेडली.

स्नेही म्हणाले, “ती माणसे मोठी. त्यांना कोणत्या घरकर्जासाठी अर्ज करावयाचा होता?”

हे बोलणे मला लागले, कारण त्यात तथ्य होते. ज्या फेडीतून काही लाभ नाही तिची शुद्धता सहज दिसते. जिच्यात लाभ आहे तिची शुद्धता कर्त्यालाही दिसत नाही. परंतु आपला हेतू पुरता निर्मळ होईपर्यंत कर्तव्य पुढे ढकलावे, असे गीता कोठे सांगते? फलाची आसक्ती सोडावयास तिने सांगितले. फल येते म्हणून कर्म सोडावयास सांगितले नाही. देणे देणेच आहे. ते दिल्याने मुलाला घर मिळाले, तर त्यामुळे ते कमी देणे होत नाही. मिश्र हेतूने का होईना, हात देण्याला लागला म्हणजे मन मागून येते, असा माझा अनुभव आहे. हेतूची चिकित्सा करीत बसलेला मनुष्य पुष्कळदा पैसा वाचविण्याचेच निमित्त शोधीत असतो. हे मी त्यांना तोंडावर म्हटले. ते रागावले नाहीत, पण चहा अर्धा टाकून उठले.

मधल्या काळात त्यांना एक गृहस्थ भेटले होते. दहा हजार रुपयांत ‘रेकॉर्ड साफ’ करून देतो असे ते म्हणत. वाचकांनी अशा लोकांपासून सावध राहावे. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास एक पैसाही लागत नाही. वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून विनामूल्य मिळतो. त्यात चूक आढळल्यास तक्रार करावी; तीस दिवसांत निकाल न लागल्यास रोज शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आमच्या स्नेह्यांच्या अहवालात अशी एक चूक निघालीही. फेडलेले एक कार्ड थकीत दाखविले होते. ते फुकट दुरुस्त झाले. कागद नाहीसा केला की ऋण नाहीसे होते, ही आशा मात्र फार जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यांच्यावर अन्याय झाला होता हे निःसंशय; सरकारलाही पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पण सुप्याचा शेतकरी नाडला गेला होता, आणि आपण कार्डावर सोफासेट घेतला होता, हा फरक विसरून चालणार नाही.

दोन महिन्यांनी स्नेह्यांनी बँकेला पत्र लिहिले. हिशेब आला. मुद्दल आणि व्याज त्यांनी भरावे, दंड बँक सोडील, असे ठरले. नवे कर्ज काढून जुने फेडावयाचे नाही, हा निश्चय त्यांनी प्रथम केला. पत्नीने घरखर्चाची वही आपल्या हाती घेतली. एक कार्ड बंद केले. दुसऱ्यावर महिन्याला थोडेसेच सामान घ्यावयाचे आणि पूर्ण बिल मुदतीआधी भरावयाचे, असा नेम धरला. उरलेली रक्कम फिटण्यास एकोणीस महिने लागले. नवव्या अध्यायात भगवंत दुराचाऱ्यालाही त्याच्या योग्य निश्चयाबद्दल साधू मानावयास सांगतात. बँका निश्चय मोजीत नाहीत, त्या हप्ते मोजतात. मला यात बँकेची निंदा करावीशी वाटत नाही. निश्चय पाहण्याची दृष्टी तिच्याजवळ नाही, एवढेच. अखेरीस ‘नो ड्यूज’चे पत्र आले आणि काही आठवड्यांनी शेरा बदलला.

ते पत्र देवापुढे ठेवताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, सुपेल्याचे राहिले की.”

सुपेला ही भिलाईतील बाजारपेठ. २०१८-१९ च्या त्या ओढगस्तीच्या काळात तेथील एका किराणा दुकानदाराने त्यांना महिनोन्‌महिने धान्य उधार दिले होते. तो लाल वहीत लिहून ठेवी, मागत नसे. २०२१ साली तो वारला. मुलाने दुकान नव्याने मांडले, जुन्या वह्या रद्दीत गेल्या. या ऋणाची नोंद कोणत्याही कंपनीकडे नव्हती. ते फेडल्याने एकही अंक वाढणार नव्हता. बाईंनी मात्र स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे टिपून ठेवले होते : बेरीज अकरा हजार सहाशे चाळीस.

स्नेही ते पैसे आणि ते कॅलेंडर घेऊन दुकानात गेले. मुलगा गोंधळला. वडील याविषयी कधी बोलले नाहीत, आपल्याजवळ काही लेखी नाही, तेव्हा पैसे कसे घेऊ, असे तो म्हणू लागला. स्नेह्यांनी कॅलेंडर उलटून त्याच्यापुढे धरले. त्याने एकेक तारीख वाचली. काही ठिकाणी तांदूळ, काही ठिकाणी तेल, एके ठिकाणी दिवाळीचा रवा. मग त्याने आपली नवी वही काढली आणि पेन हातात घेऊन थांबला. नावे काहीच नसताना जमा कोणाच्या खात्यावर धरावी, ते त्याला कळेना. शेवटी त्याने कोऱ्या पानाच्या वर आपल्या वडिलांचे नाव लिहिले आणि त्याखाली ती रक्कम मांडली.