डोळ्यांपुढील माशा

निरभ्र आकाशाकडे किंवा नुकताच चुना दिलेल्या भिंतीकडे पाहत असतां डोळ्यांपुढें बारीक ठिपके, केसांसारख्या रेघा अथवा कोळ्याच्या जाळ्याचे तुकडे तरंगतांना दिसतात, हा अनुभव पुष्कळ वाचकांस असेल. हातानें वारले तरी ते जात नाहींत. टक लावून पाहूं गेल्यास बाजूस सरतात. जुन्या लॅटिन वैद्यकांत त्यांस 'उडत्या माशा' असेंच नांव होतें. शेजारीं बसलेल्यास विचारावें तर तो म्हणतो, "मला कांहींच दिसत नाहीं." मग दोघांपैकीं खोटें कोण बोलतो?

आमच्या मतें कोणीच नाहीं. डोळ्याच्या भिंगामागील पोकळी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारख्या पारदर्शक रसानें भरलेली असते. हा रस सुमारें ४ मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभरही नाहीं. व त्यांत शेंकडा सुमारें ९८ भाग पाणीच असतें. बाकीच्यांत अतिसूक्ष्म तंतूंचें जाळें असतें. वय वाढतें तसा रस पातळ होतो, तंतू एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या बनतात, आणि त्यांची सावली मागील दृष्टिपटलावर पडते. म्हणजे वस्तु खरीच आहे. मात्र ती आकाशांत नसून पाहणाराच्या डोळ्यांत आहे. डोळा फिरविला कीं तीही फिरते, व डोळा थांबल्यावरही क्षणभर हेलकावते. आकाशांतली घार असें करीत नाहीं!

आतां प्रश्न हा कीं, जें आपणां एकट्यासच दिसतें त्याविषयीं आपलें कर्तव्य काय? कित्येक जण घाबरून भगताकडे धांवतात किंवा बाजारांतून थेंब आणतात. ह्या गुठळ्या विरघळविणारे थेंब नाहींत. जुने, थोडे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात व मन हळूहळू त्यांकडे पाहीनासें होतें. परंतु ह्याहून मोठा दोष गप्प बसण्याचा आहे. एकाएकीं ठिपक्यांचा वर्षाव झाला, अंधारांत काजवे चमकल्यासारखें दिसूं लागलें, किंवा एका बाजूनें पडदा सरकत आला, तर आकसणाऱ्या रसाच्या ओढीनें दृष्टिपटल फाटलें असण्याचा संभव असतो. पन्नाशीनंतर, लघुदृष्टि असणारांस व मोतीबिंदू काढलेल्यांस हा धोका अधिक. मधुमेह्यांच्या डोळ्यांत रक्तस्रावही होतो. दुखत मात्र कांहींच नाहीं, आणि घात होतो तो येथेंच! 'कापणी उरकूं द्या, मग पाहूं,' असें म्हणून मनुष्य दिवस घालवितो. फट वेळींच कळली तर लेसरानें सांधतां येते. पटल सुटल्यावर शस्त्रक्रिया करूनही पूर्वीची दृष्टि येईलच असें नाहीं. डोळा माझा, मी सोसीन, हें म्हणणें आम्हांस धैर्याचें वाटत नाहीं. पुढें हात धरून चालविणें घरच्यांसच भाग पडतें.

घरच्यांनींही 'आम्हांस तर कांहीं दिसत नाहीं' असें म्हणून हंसूं नये. त्यांस तें दिसणें शक्यच नाहीं. नेत्रवैद्यासही बाहुली मोठी करणारे थेंब घालून यंत्रांतून पाहावें लागतें. त्याच दिवशीं त्यास गांठावें. थेंबांनीं कांहीं तास नजर अंधुक राहते, तेव्हां सोबत कोणीतरी जावें.