न्यायाधीशांना कोण तपासणार?

दहावीच्या उत्तरपत्रिका आम्ही शिक्षक तपासतो, तेव्हा आमच्यावर मॉडरेटर असतो. त्यात आम्हाला अपमान वाटत नाही. मुलाचे वर्ष एकाच माणसाच्या नजरेवर सोडू नये, एवढाच त्याचा अर्थ. मग जिथे जिवाचाच प्रश्न आहे तिथे काय?

आमच्या इचलकरंजीजवळच्या सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांना एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरी आणि दहशतवादाच्या आरोपाखाली फाशी सुनावली. भारताने आरोप फेटाळले. खटला लष्कराचा आणि न्यायाधीशही लष्कराचेच. परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटता यावे, असे १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो. ती भेटही नाकारली गेली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला : पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा, तोवर फाशी नाही.

पीठाचे अध्यक्ष सोमालियाचे अब्दुलकावी युसुफ होते. चीनच्या न्यायमूर्तींचे मतही बहुमतात होते. पीठावर भारताचे दलवीर भंडारी होते, म्हणून पाकिस्तानलाही आपला न्यायमूर्ती नेमण्याचा हक्क मिळाला. विरोधी मत त्यांचेच, आणि तेही निकालाला जोडले गेले. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. दुसऱ्यावर अंकुश ठेवणाऱ्याने स्वतःची मर्यादाही पाळली. जाधव कैदेतच राहिले, हे दुःख आहेच; पण गळ्याजवळ आलेला फास थांबला.

अंकुश आणि सवलत यांत मात्र फरक केला पाहिजे. हेगमध्येच २००२ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. नरसंहार, युद्धगुन्हे यांसाठी ते थेट व्यक्तींवर खटला चालवते. त्याचा तपास सुरक्षा परिषद वर्षभर थांबवू शकते. परिषदेत नकाराधिकार पाच राष्ट्रांना, आणि त्यांपैकी अमेरिका, रशिया, चीन त्या न्यायालयाचे सदस्यच नाहीत. भारत आणि पाकिस्तानही नाहीत. स्वतःची उत्तरपत्रिका न देता दुसऱ्याचे गुण रोखणाऱ्याला मॉडरेटर कसे म्हणावे?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला पाहिजे. जाधवांसाठी आपण ज्या कराराचा आधार घेतला, तोच आपल्या तुरुंगातल्या परदेशी कैद्यालाही लागू आहे, मग तो कोणत्याही देशाचा असो. आपल्या माणसासाठी मागितलेला इन्साफ परक्याला देताना हात आखडला, तर तो इन्साफ नव्हे, निव्वळ आपलेपणा.