सहा सेकंदांतली पाळी

गॉब्लिननं निनादला आडवं केलं तेव्हा मी त्याच्यापासून वीस फुटांवर उभी होते. जखम भरून काढणारा मंत्र माझ्याकडे होता. पण माझी पाळी आली नव्हती.

हे सगळं कागदावरचं. मिलवॉकीला लेकाच्या घराच्या तळघरात आम्ही टेबलाभोवती बसलो होतो. माझा तेरा वर्षांचा नातू निनाद, त्याचे चार मित्र आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली मी. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. इथून गाडीनं तासाभरावर लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे साथीदार डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला. एक गडी कमी पडत होता म्हणून पोरांनी मला ओढलं. मी क्लेरिक झाले, म्हणजे मंत्रानं बरं करणारी. जैन बाईनं तलवार घेऊन करायचं काय?

लढाई सुरू झाली की प्रत्येकानं वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात आपल्या चपळाईचा आकडा मिळवायचा. ज्याची बेरीज मोठी, त्याची पाळी आधी, आणि लढाई संपेपर्यंत क्रम तोच. आपल्या पाळीत तीसेक फूट चालायचं, एक कृती करायची. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की एक राउंड, आणि राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. आमचे तीन राउंड, म्हणजे अठरा सेकंद, पाऊण तास चालले. त्या दिवशी निनादला सतरा पडले होते, गॉब्लिनना पंधरा. मला चार.

मी भांडले. सहा सेकंद सगळ्यांचे एकच असतील तर तो पडत होता तेव्हाच मी धावत असणार ना? खेळ चालवणारा मुलगा, ज्याला ही पोरं डीएम म्हणतात, निनादचं ऐकून मला आजीच म्हणतो. तो म्हणाला, "आजी, तो पडणार हे तुम्हांला आधी कसं कळलं?"

मी गप्प बसले. चौतीस वर्षं अर्धमागधी शिकवली, आणि हा प्रश्न दरवर्षी फळ्यावर लिहिला होता.

जैनांचा एक जुना वाद आहे. आपल्यासारख्या साध्या जीवाला आधी नुसतं दिसतं, मग कळतं. दर्शन आधी, ज्ञान नंतर. पण ज्याला सगळंच ठाऊक आहे त्या केवलीचं काय? श्वेतांबरांतले जिनभद्र म्हणाले, त्यालाही क्रम चुकत नाही. एका समयाला ज्ञान, पुढच्या समयाला दर्शन. आणि समय हा काळाचा इतका बारीक कण की पापणी लवेपर्यंत असे असंख्य निघून जातात. सहा सेकंदांचा राउंड त्यापुढे युगासारखा. दिगंबरांच्या कुंदकुंदांनी नियमसार या ग्रंथात उलट सांगितलं. सूर्याचा उजेड आणि ऊब जशी एकदमच, तशी केवलीची ही दोन्ही एकदम, युगपत्. सिद्धसेन तर म्हणाले, मुळात ती दोन नाहीतच. आम्ही दिगंबर, म्हणून घरात हा वाद कुंदकुंदांच्या बाजूनं सुटलेला. वर्गात मी तो दहा मार्कांची टीप म्हणून उतरवून द्यायची. केवलीलाही पाळी असते का, या प्रश्नाचं आपल्याशी काही देणंघेणं असेल असं मला कधी वाटलं नाही.

पुढच्या रविवारी एका मुलानं वडिलांची १९८१ ची बेसिक नियमांची पुस्तिका आणली. तिच्यात राउंड दहा सेकंदांचा, आणि दोन्ही पक्षांनी सहा बाजूंचा एकेक फासा टाकायचा. आकडे सारखे पडले तर सगळं एकाच वेळी घडतं असं धरता येतं. तुम्ही गॉब्लिनला मारता आणि त्याच क्षणी तो तुम्हांला. दोघंही पडू शकतात. आता पोरं खेळतात त्या नियमांत बरोबरी झाली तरी पुढे कोण हे कुणीतरी ठरवतंच. पोरांना जुना नियम वेड्यासारखा वाटला. मला वाटलं, हेच तर युगपत्.

मग हिशेब केला. त्या दिवशी खरंच सगळं एकदम घडलं असतं तर माझा हात कुठे गेला असता? निनाद तेव्हा धडधाकट. मी माझा मंत्र दुसऱ्याच कुणाच्या खरचटलेल्या कोपरावर घातला असता. तो पडलेला दिसला, म्हणून मी धावणार होते. चारच्या आकड्यानं मला शेवटी ढकललं आणि त्यामुळेच मला त्याच्यासाठी काही करता आलं. माझ्या पाळीत मी वीस फूट गेले, हात लावला, निनाद उठला.

केवली कुणाला उठवायला धावत नाही. तो वीतराग आहे, त्याचा मोह गेला, असं शास्त्र सांगतं, आणि ते मी खोडणार नाही. पण मला दुसरंही एक कारण दिसू लागलंय. ज्याला पडणं आणि उठणं एकदमच दिसतं, त्याला धावायला मध्ये जागा कुठे उरते? आयुष्यभर क्रमाला आपली उणीव म्हणून शिकवलं. कुंदकुंदांशी मी अजून भांडलेली नाही, पण आता ते मला थोडे लांबचे वाटतात.

गेल्या खेळात मला एकोणीस पडले. सगळ्यांत आधी मी. गुहेत दोन लांडगे, निनाद माझ्या शेजारी, कुणाला ओरखडाही नाही. पोरं म्हणाली, मारा आजी. मी म्हटलं, मला शेवटी जाऊ दे. डीएम म्हणाला, तसं करता येत नाही, पण कृती राखून ठेवता येते. अट मात्र आधी सांगा. मी सांगितली, "निनाद पडला, तर मी त्याला हात लावणार."

लांडगे आले, लढले, मेले. निनाद पडला नाही. नियमाप्रमाणे माझी कृती वाया गेली, मंत्रही खर्ची पडला. पोरं हळहळली. सहा सेकंद मी हात उचलून नुसती उभी होते.