शहराचा कारभार हीदेखील अमानतच



सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहची आज्ञा आहे की, अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवाव्यात आणि लोकांमध्ये निवाडा न्यायाने करावा. अमानत म्हणजे केवळ विश्वासाने ठेवलेले पैसे किंवा दागिने नव्हेत. पद, अधिकार आणि सार्वजनिक निधी याही अमानतीच आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले की, प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याच्या हाती सोपविलेल्यांविषयी त्याला विचारले जाईल. हे विचारणे केवळ परलोकापुरते नाही.

ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत कूफा हे नवे शहर वसले. ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) तेथील प्रशासक होते. कादिसियाच्या लढाईचे ते विजयी सेनापती. हयातीतच जन्नतची शुभवार्ता लाभलेल्या दहा सहाबांपैकी एक. तरीही कूफावासीयांनी त्यांच्याविरुद्ध खलीफांकडे तक्रार केली. ते नमाजसुद्धा नीट पढवीत नाहीत, असे म्हणण्यापर्यंत मजल गेली.

सहीह बुखारीत हा प्रसंग नोंदविलेला आहे. ह. उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून दूर केले, समक्ष विचारणा केली. उत्तराने खलीफांचे समाधान झाले; पण चौकशी तेथे थांबली नाही. त्यांनी ह. सअद (रजि.) यांच्यासोबत माणूस कूफ्याला पाठविला. त्याने एकही मस्जिद न वगळता रहिवाशांना विचारले. सर्वत्र प्रशंसाच ऐकू आली. एका मस्जिदीत मात्र एक जण उठला आणि ते वाटप समान करीत नाहीत, न्याय करीत नाहीत, असा आरोप त्याने केला. ह. सअद (रजि.) यांनी अल्लाहकडे प्रार्थना केली की, हा मनुष्य खोटे बोलत असेल, केवळ दिखाव्यासाठी उभा राहिला असेल, तर त्याला दीर्घायुष्य, दारिद्र्य आणि संकटे मिळोत. पुढे तसेच घडले.

या प्रसंगात दोन बोध आहेत. एक, कितीही थोर व्यक्ती असो, ती रहिवाशांच्या प्रश्नांपलीकडे नाही. आणि चौकशी बंद दाराआड नव्हे, तर लोक जेथे जमतात तेथे झाली. दुसरा, तक्रार करणाराही अल्लाहपुढे उत्तरदायी आहे.

आता आपल्याकडे पाहू या. गटार तुंबते, नळाला पाणी येत नाही, तेव्हा आपण काय करतो? ओळखीच्या नगरसेवकाकडे जाऊन आपल्या घरापुरते काम करून घेतो आणि गप्प बसतो. शेजारच्या विधवेच्या नळाचे काय? शिफारस मागणे सोपे असते, हिशेब मागणे कठीण. वास्तविक आपल्या देशात हिशेब मागण्याचा मार्ग कायद्यानेच खुला केला आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. रस्त्यावर किती खर्च झाला, हे एका साध्या अर्जाने विचारता येते.

म्हणून मस्जिदीतून बाहेर पडताना चार शेजाऱ्यांनी एकत्र यावे, संपूर्ण मोहल्ल्याचा प्रश्न लिहून काढावा. त्यात मुस्लिम-मुस्लिमेतर असा भेद नसावा. घाण पाणी कुणाचा धर्म विचारून घरात शिरत नाही. जे पाहिले तेच लिहावे, ऐकीव गोष्ट लिहू नये. काम चांगले झाले असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. आणि मत देताना पैसा घेतला असेल, तर आपणच अमानत विकली, हे ओळखून तौबा करावी.

अल्लाह आम्हा सर्वांना सत्य बोलण्याचे धैर्य आणि अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.